दुसरी गिटार

रॉक बँडमध्ये दोन गिटारवाले असले की लोकांच्या लक्षात सोलो वाजवणारा राहतो. मी दुसरा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत आम्ही कॉलेजच्या पोरांनी बँड काढला, तेव्हा पहिल्याच तालमीत वाटणी झाली. ज्याची बोटं सुसाट पळायची तो लीड, मी रिदम. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण माझा देव माल्कम यंग होता. एसी/डीसीमध्ये धाकटा अँगस शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धिंगाणा घालायचा आणि माल्कम मागे ड्रम्सच्या बाजूला उभा राहून अख्खं गाणं ओढून न्यायचा.

रिदमची सगळी मदार उजव्या हातावर. तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजपाशी तारांवर अलगद टेकवायची आणि वाजवायचं. याला पाम म्यूटिंग म्हणतात. कड जरा पुढे सरकली की सूर मरतो, मागे गेली की तार मोकाट घुमते. त्यात डिस्टॉर्शन लावलं की न छेडलेल्या तारेची कुरकुरही स्पीकरमधून धडधडीत ऐकू येते. म्हणून एक तार वाजवताना बाकीच्या पाच गप्प ठेवायच्या, दोन्ही हातांनी. मेटालिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ बसवताना, मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांच्या लयीत सगळे फटके वरून खाली मारताना माझा दंड दगड व्हायचा. आईला वाटायचं, पोरगा व्यायामाला लागलाय.

आमची पंढरी म्हणजे मुंबईतल्या धोबी तलावचं रंगभवन. 1986 साली सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाचं ते घर. पुढे इंडस क्रीड झालेल्या रॉक मशीन बँडच्या गोष्टी आम्ही तिथल्या पायऱ्यांवर थोरल्या पोरांकडून ऐकल्या. आपणही कधीतरी त्या स्टेजवर उभे राहू, या आशेवर आमच्या तालमी चालायच्या. पण एका अंगाला सेंट झेवियर्स कॉलेज, आसपास रुग्णालयं. रुग्णालयं, शिक्षणसंस्था, न्यायालयांभोवतीचा किमान 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र, असा 2000 सालचा नियम आला आणि काही वर्षांत रंगभवनातला रॉक थांबला. रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर तक्रार करायला जागा नव्हती. आमचा नंबर मात्र राहिला तो राहिलाच.

बँडवर पोट भरत नव्हतं. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये जाण्यायेण्याचा खर्च आणि वडापाव सुटायचा; एका आयोजकाने तर कार्यक्रम संपल्यावर फोन उचलणंच बंद केलं. घर चालायचं ते ऑर्केस्ट्रावर. गणपती, नवरात्र, गावोगावच्या जत्रा. नाइट वाजवली की पाकीट हातात. रॉकवाले मित्र चेष्टा करायचे, पण माझी खरी शाळा तीच. लावणी चालू असताना ढोलकीवाले काका एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, “अरे, तुझं वाजवून झालं तरी तुझी तार बोलतेच आहे. माझ्या थापेला जागा दे की!” दुसऱ्या नाइटपासून मी कॉर्ड मारली की लगेच डाव्या हाताचा दाब सैल करून ती तिथेच तोडायला लागलो. मधल्या फटीत त्यांची थाप अशी खणखणीत उमटली की पुढच्या रांगेतून शिट्ट्या आल्या.

तीच सवय घेऊन बँडमध्ये गेलो. ड्रमरने पहिल्याच गाण्यानंतर विचारलं, “आज माझा किक एवढा मोठा कसा वाटतोय?” आवाजाचं बटण कुणीच हलवलं नव्हतं. सूर कुठे सुरू करायचा हे मी मेटालिकाकडून शिकलो होतो. कुठे संपवायचा, हे ढोलकीने शिकवलं.

आता बँड महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वाजवतो आणि मी गिटारचे वर्ग घेतो. ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप परीक्षांना बसणारी मुलं येतात, पहिल्या दिवशी सोलोच मागतात. मी अँपचा गेन पूर्ण वाढवतो, गिटार मुलाच्या गळ्यात अडकवतो आणि सांगतो, आता मिनिटभर हिचा आवाज येऊ देऊ नकोस. बहुतेकांना जमत नाही. ज्याला जमतं, त्याला मी सोलो शिकवायच्या आधी ड्रमरशेजारी उभा करतो.