रात्रीची काळजी आणि प्रार्थना

काळजी बाईच्या पदराला बांधलेलीच असते. मुलांची परीक्षा, वाण्याची उधारी, सासूबाईंचा दमा! दिवसभर कामात ती गप्प असते. निजानीज झाली की डोकं वर काढते.

आमचं अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याचं गाव. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. ह्यांना यायला उशीर झाला, की मनात नको नको ते येतं.

आम्ही ख्रिस्ती. उद्याची काळजी करू नका, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण तेवढ्यानं काळजी थोडीच थांबते? पौलानं मात्र फिलिप्पैकरांना पत्रातून रीत सांगितली, तीही स्वतः कैदेत असताना. जे मनात असेल ते देवापुढं मांडायचं, आणि आभार मानत मांडायचं. म्हणून मी 'देवा, सांभाळ' असं मोघम म्हणत नाही. नेमकी भीती सांगते. मग स्वतःला विचारते, यात माझ्या हातचं काय? ह्यांच्या गाडीला मागं लाल रेडियम लावून घेतलं, ते माझ्या हातचं. पुढचं त्याच्या हाती.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. तरी १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही. श्रद्धेनं दुःख टळत नाही. हात मात्र चालते राहतात.

आणि मैत्रिणींनो, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या नंबरवर फुकट मिळते. औषध घेतलं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता की!