तीजा आणि डमी व्हेरिएबल

"एम. ए. करून पगार वाढवून मागणार का?" असं आमच्या मालकांनी विचारलं आणि मी "नाही सर" म्हटल्यावर त्यांना एकदम हायसं वाटलं. भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून सळया काढणारी एक मध्यम आकाराची मिल आहे. तिथे मी हिशेब सांभाळते. राहते कुरुदला. धमतरी जिल्ह्यात त्याच नावाचं चांगलं मोठं गाव आहे, त्यामुळे रायपूरच्या माणसालाही "भिलाईवालं कुरुद" असं फोडून सांगावं लागतं. सुपेल्याहून कोहक्याला आणि तिथून पुढे आलं की आमची वस्ती लागते. रस्त्यावर इंजिनिअरिंग कॉलेजच्या बसगाड्या आणि प्लॉटच्या पाट्या, आणि मधेच एखादा धानाचा बांध, अजून न विकलेला.

मुलगा शिकायला बाहेर गेला, संध्याकाळी घर रिकामं वाटू लागलं, तेव्हा मी इग्नूत अर्थशास्त्राच्या एम. ए.साठी नाव घातलं. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. नोकरदाराला यापेक्षा जास्त आमिष लागत नाही. पहिली पुस्तकं हातात आली आणि उत्साह आठवड्यात उतरला. बी. कॉम.चं गणित म्हणजे टक्केवारी आणि घसारा. इथे दुसऱ्याच प्रकरणात लग्रांज! मर्यादा पाळून जास्तीत जास्त नफा काढायचा, आंशिक अवकलनं शून्याला टेकवायची, आणि शेवटी लॅम्डा नावाचं एक अक्षर शिल्लक राहतं. पुस्तक म्हणतं, ही छायाकिंमत. मला रीत पाठ झाली, उदाहरणं सुटू लागली, पण लॅम्डा नेमका कशाचा भाव सांगतो ते काही केल्या कळेना.

ते कळलं विजेच्या बिलावरून. आमची इंडक्शन भट्टी विजेवर चालते आणि वीज कंपनीकडून ठरावीक केव्हीएचा भार मंजूर करून घेतलेला असतो. बिलात त्याला कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणतात. भार त्याच्या वर गेला की जादा आकार बसतो. मालक दर काही महिन्यांनी विचारतात, "थोडा भार वाढवून घेतला तर परवडेल का?" मग मी कागद घेऊन बसते: भार इतका वाढला तर एक हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा, जास्त निघेल, त्यातून इतकं सुटेल, स्थिर आकार इतका वाढेल. एका रात्री हाच हिशेब मांडताना माझा हात थांबला. मर्यादा एका केव्हीएने सैल झाली तर नफा कितीने वाढेल, हाच तर लॅम्डा! वर्षानुवर्षं मी तो कॅल्क्युलेटरवर काढत होते, फक्त त्याला ग्रीक अक्षर लावलेलं नव्हतं. त्या रात्रीपासून गणिताची भीती गेली असं म्हणणार नाही. पण पुस्तकातलं समीकरण माझ्या टेबलावरच्या कुठल्या कागदाबद्दल बोलतंय, हे शोधायची खोड लागली.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं प्रकरण तर घरचंच निघालं. आजोबा गोंदियाहून भिलाईला आले ते पोलाद कारखान्याच्या बांधकामावर. सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर, म्हणजे गोंदिया-दुर्ग हा एकाच राज्यातला प्रवास. पुढच्या वर्षी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्गची राजधानी भोपाळ झाली. आजोबा जागचे हलले नाहीत, आणि तरी परराज्यातले झाले. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. तो दिवस ते घरात सणासारखा सांगायचे. महालनोबिसांचं प्रतिमान मी परीक्षेसाठी वाचलं तेव्हा समजलं की हा सण एका युक्तिवादाचा होता. गुंतवणुकीतला मोठा वाटा यंत्रं आणि पोलाद बनवणाऱ्या क्षेत्राला दिला तर सुरुवातीला खाण्यापिण्याच्या वस्तू कमी मिळतील, पण पुढे वाढीचा वेग जास्त राहील.

राज्य पुनर्रचनेच्या त्याच १९५६ साली मुंबई विद्यापीठातले वकील आणि ब्रह्मानंद उलट बाजूने उभे होते. कामगाराच्या पोटात जे जातं, अंगावर जे येतं, त्या मजुरी-वस्तूंचा तुटवडा हीच खरी अडचण आहे; पोलादाआधी धान्य बघा, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेत या दोन बाजूंची तुलना विचारली की मुद्दे दोन रकान्यांत लिहायचे असतात. मला ते जमत नाही. आमच्याकडे हे दोन रकाने शेजारी शेजारी नांदतात. एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला धान, आणि मधल्या रस्त्याने सायकलवरून जाणारी तीच माणसं दोन्हीकडे राबतात.

आणि इथे माझं पुस्तकाशी पहिलं भांडण झालं. उत्पादन फलनात भांडवलाला के आणि श्रमाला एल. सगळा श्रम एका अक्षरात. आमच्या फाटकावर सकाळी दोन रांगा लागतात. कंपनीच्या पटावरचे कामगार कार्ड पंच करतात. ठेक्यावरच्यांची हजेरी ठेकेदाराचा मुंशी वहीत मांडतो. भंगार निवडणाऱ्या बायका, ज्यांना इकडे रेजा म्हणतात, दुसऱ्या रांगेत. दोन्ही रांगांच्या मजुरीत केवढं अंतर आहे ते मी दर महिन्याला हिशेबात पाहते, आणि मोठ्या कारखान्यापासून छोट्या शेडपर्यंत भिलाईत चित्र थोड्याफार फरकाने हेच. लुईस यांचं १९५४ चं प्रतिमान निदान दोन क्षेत्रं तरी मानतं: शेतीत जादा हात, कारखान्याला ठरल्या मजुरीवर हवे तितके मजूर. अमर्याद पुरवठा. हे वाचून मी चक्क हसले. लुईससाहेबांनी आमचं भाद्रपदाचं मस्टर पाहायला हवं होतं.

आषाढ-श्रावणात रोपणी लागली की दुसरी रांग आखडते. मग पोळा येतो, आणि त्यापाठोपाठ तीजा. आपली हरतालिका तीच तिथी, पण छत्तीसगडात त्या दिवसांत बाईने माहेरी जायचंच. भाऊ न्यायला येतो, नवी साडी मिळते. "तीजा म मइके जाबो, दीदी," असं सांगून रेजा निघतात. त्या परवानगी मागत नाहीत, कळवतात. मुंशी दरवर्षी चिडतो, जादा रोजी देऊ करतो, त्या हसतात आणि जातात. मजुरी वाढवली की पुरवठा वाढतो, हा नियम तीजाला लागू नाही.

संख्यात्मक पद्धतींच्या पुस्तकात डमी व्हेरिएबल आलं तेव्हा माझ्याजवळ ही सामग्री तयार होती. जे मोजता येत नाही, नुसतं आहे किंवा नाही एवढंच सांगता येतं, त्याला एक किंवा शून्य द्यायचं. तीजाचा आठवडा एक, बाकी शून्य. रोपणीला वेगळी डमी, कापणीला वेगळी. ऑफिसच्याच एक्सेलवर मस्टरचे आकडे चढवले, रिग्रेशन चालवलं, आणि तीजाचा गुणांक इतका ठसठशीत आला की मी तो पुन्हा तपासला. रोपणीचा परिणामही दिसला. कापणीचा मात्र मला वाटत होतं त्यापेक्षा बारीक निघाला. बहुधा हार्वेस्टर.

रविवारच्या मार्गदर्शन वर्गात मी हे सांगितलं. बँकेतले एक काका, एक स्टाफ नर्स आणि रेल्वेतला एक तरुण असे आम्ही मोजकेच तिथे नियमित असतो. प्रत्येकाकडे असं काही ना काही होतं. काकांकडे कर्जमाफीच्या घोषणेनंतर थांबलेले हप्ते. नर्सबाईंकडे आयुष्मान कार्ड आल्यावर बदललेली रुग्णांची रांग. वर्ग घेणारे सर भले माणूस, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पेपरमें ये मत लिखना." ते चूक नव्हते. तीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला, सत्तर टक्के तीन तासांच्या पेपरला, आणि पेपरला डमी ट्रॅपची व्याख्या लागते: बारा महिने असतील तर डमी अकराच घ्यायच्या. नोकरी करणारा विद्यार्थी सोबत जे घेऊन येतो, ते तपासायची सोय या परीक्षेत नाही. मला वाटतं दूरशिक्षणाची खरी उणीव हीच आहे. लोक उगाच छपाईच्या चुका काढत बसतात.

तंत्रनिवडीच्या प्रकरणातही तेच. अमर्त्य सेन यांचं १९६० चं पुस्तक तिथे आहे, असायलाच हवं. पण हाच प्रश्न भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणीत शंकर गुहा नियोगी यांच्या युनियनने प्रत्यक्ष लढवला. पूर्ण यंत्रं नकोत, अर्धयांत्रिकीकरण करा, माणसं राहू द्या, असा त्यांचा प्रस्ताव होता. २८ सप्टेंबर १९९१ ला नियोगींची भिलाईत गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचं नाव माझ्या पुस्तकात सापडलं नाही. मी उत्तरपत्रिकेत लिहिलं. गुण किती कापले, ते कळायला मार्ग नाही.

रिग्रेशनचा उपयोग झाला तो मालकांना. आलेख दाखवल्यावर त्यांनी भट्टीची मोठी दुरुस्ती तीजाच्या आठवड्यात आणून ठेवली. रेजांची मजुरी त्या दिवसांत आधीही नव्हती, आताही नाही. पण गैरहजेरीचा शेरा गेला आणि सणानंतर परत घेताना मुंशीची कुरकुर थांबली. मालकांना वाटतं, ही युक्ती त्यांचीच. असू दे.

आता प्रकल्पासाठी पुढचा प्रश्न घेतला आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात धानाला क्विंटलला ३१०० रुपये मिळू लागले, एकरी २१ क्विंटलपर्यंत. मार्च २०२४ पासून विवाहित महिलांच्या खात्यात महतारी वंदन योजनेचे महिना हजार रुपये येतात. घरात हा पैसा आल्यावर रेजा पूर्वीइतके दिवस कामावर येतात का, की कमी रोजीला नाही म्हणू लागल्या आहेत? ठेकेदार म्हणतो, बायका आळशी झाल्या. मला हे मस्टरमधून बघायचं आहे. त्यासाठी २०२३ च्या आधीच्या वह्या हव्यात, आणि त्या त्याच्याकडे आहेत. तो आज देतो, उद्या देतो करत टाळतो. त्याला शंका आहे की मी त्या जुन्या वह्यांवरून पीएफचा हिशेब जुळवून बघेन. तेही माझ्या डोक्यात आहेच.