थेट विचारलेलं बरं

समुपदेशक होण्याआधी मी एका सरकारी रुग्णालयात ‘सोशल वर्कर मॅडम’ होते. काम बहुतेक कागदांचं. रेशनकार्ड पिवळं आहे का, बिल माफ होईल का, बेवारस म्हणून आलेल्याचं गाव कुठलं, रक्त द्यायला कोण येईल. पण खरिपाच्या फवारणीचे दिवस आले की मेडिसिनच्या वॉर्डात औषध प्यालेली माणसं यायची. त्यातली जी वाचायची, ती अ‍ॅट्रोपीन या उताऱ्याच्या गुंगीतून बाहेर आल्यावर पोलिसांना जबाब द्यायची: ‘चुकून प्यालो. अंधारात कळलं नाही.’ लिहून घेणाऱ्यालाही खरं काय ते ठाऊक असे. पण तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ लागू होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, आणि ‘चुकून’ हा शब्द सगळ्यांच्याच सोयीचा होता.

वॉर्डात माया कमी नव्हती. मावशी ओरडायच्या, ‘पोराबाळांकडे तरी बघायचंस!’ नातेवाईक शहाळं घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘झालं ते झालं, आता तो विषय नको.’ एक रागावून बोले, दुसरा गोंजारून, पण खाटेवरच्या माणसाचं तोंड दोघांमुळेही सारखंच बंद होई. मी मग खाटेशी स्टूल ओढून विचारू लागले, ‘मरायचं होतं का?’ बरेचजण गप्प राहत. काहीजण ‘हो’ म्हणत आणि मग बोलतच राहत.

पुढे रीतसर शिकायला गेले तेव्हा मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स वाचला. त्याच्या १९५७ च्या निबंधात माणूस बदलण्यासाठी लागणाऱ्या सहा अटी आहेत. त्यातल्या तीन थेट समुपदेशकावर येतात: स्वतः खरं असणं, समोरच्याला विनाअट स्वीकारणं आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेणं. आपल्याकडे अनेकांनी यातून मऊ आवाजात बोलायचं तेवढं उचललं. खरं असण्याची अट तशीच राहिली. दुसरा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्याला रॉजर्सच्या अटी आवश्यक वाटत नसत. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. मी ती वापरते, पण पहिल्या भेटीत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीशी तिच्या रीतीने वाद घालायला आधी माणूस खुर्चीत जरा टेकावा लागतो.

माझ्याकडे येणारं कुणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. झोप नाही, छातीत धडधडतं, डोकं बधिर होतं, अन्नावर वासना नाही. बोलता बोलता हळूच येतं, ‘एकदाचं सुटलो तर बरं.’ तिथे मी थांबते आणि विचारते, ‘सुटलो म्हणजे? जीव द्यायचे विचार येतात का?’ नव्या समुपदेशक मुलींना हा प्रश्न विचारताना घाम फुटतो. नसलेला विचार आपणच डोक्यात भरवू, अशी भीती वाटते. विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे या क्षेत्रात आता पक्कं ठाऊक झालेलं आहे. उलट इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट कुणीतरी न दचकता ऐकली, याने माणूस सैलावतो.

त्यानंतरचा माझा प्रश्न बाहेरच्याला कोरडा वाटेल: ‘औषधाची बाटली घरात कुठे असते?’ खाटेखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्याशेजारी, अशी उत्तरं येतात. जीव द्यायची लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ बाटली हाताशी नसली तर माणूस वाचतो. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणून बाटली पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली भावाकडे, एवढं ठरल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही. बाहेर बसलेल्या बायकोला किंवा भावाला काय सांगायचं, तेही त्याला विचारूनच ठरतं. मात्र जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, कलम ११५ मध्ये, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगितलं, आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात कलम ३०९ उरलं नाही. (सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे.) तरी ‘पोलीस केस होईल का, मॅडम?’ हा प्रश्न अजून येतो. कायद्यापेक्षा गावाची आठवण चिवट असते.

निघताना मी ‘टेलि मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून देते. रात्री-अपरात्रीही तिथे मराठीत बोलता येतं. एका काकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘आमच्या वस्तीवर रेंज असती तर दोन एसट्या बदलून इथवर कशाला आलो असतो?’ मग नंबराखाली त्यांच्या चुलतभावाचं नाव लिहिलं. तो बांधापलीकडेच राहतो, आणि रात्री मोटर चालू करायला तसाही उठतो.