मागे घेतलेली जोडी

शंकरपट म्हटला की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला घरात बसवत नाही. धानाची मळणी आटोपलेली असते, हातात चार पैसे असतात, घरोघर पाहुणे असतात. दिवसा पट आणि रात्री वडशाच्या एखाद्या कंपनीचे नाटक! 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली, तोवर मामांची जुनी जोडी दावणीलाच म्हातारी झाली होती. मामांनी नवी जोडी घेतली आणि तिला मुलासारखे जपले. खरे सांगायचे तर मुलापेक्षाही जास्त.

ही गोष्ट जानेवारी 2023 मधली. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. नागभीड तालुक्यातल्या मामांच्या गावी पट भरला होता. शेवटच्या फेरीसाठी चार जोड्या उरल्या, त्यांत मामांची एक. पटावर पैजा लावणे कायद्यात बसत नाही, हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरी त्या लागतात. मैदानाच्या कडेला एक चहावाला होता. तो सिगारेटच्या पाकिटामागे भाव लिहून पैजा घेत असे. मामांच्या जोडीला एकास एक, दुसरीला एकास तीन, तिसरीला एकास चार, चौथीला एकास नऊ.

सकाळी मी गोठ्यात गेलो तर डावा बैल मागचा पाय टेकवीत नव्हता. मामा आणि धुरकरी खाली बसून खूर पाहत होते. "डाक्टर येऊ दे, मंग सांगू. तोवर कोनाले बोलू नको गा," मामा मला म्हणाले. मी कोणाला बोललो नाही. परीक्षेच्या अर्जासाठी आईने दिलेले पाचशे रुपये खिशात होते. ते घेऊन मी सरळ चहाच्या टपरीवर गेलो आणि दुसऱ्या जोडीवर एकास तीनने लावले. चहावाला हसून म्हणाला, "का गा, मामावर भरोसा नाई?"

तासाभराने गुरांच्या डॉक्टरांनी नकार दिला. मामांची जोडी मागे घेतल्याचे कर्ण्यावरून पुकारले गेले. आणि गंमत अशी की, उरलेल्या तीन जोड्यांच्या पायांत तसूभरही जास्त बळ आले नाही, पण त्यांची किंमत मात्र त्या एका क्षणात बदलली! चहावाल्याने नवा भाव सांगितला. दुसरी जोडी आता एकास एकच्या आसपास आली होती. माझी पैज मात्र जुन्याच भावाची. जोडी जिंकली. त्याने मला माझे पाचशे आणि वर पंधराशे मोजून दिले. शेवटच्या काही नोटा त्याने शेजारच्या पानवाल्याकडून उसन्या घेतल्या, हे मी पाहिले. पाहूनही घेतल्या.

दोन वर्षांनी दिवाळीला मुंबईचे काका आले. रेल्वेतल्या नोकरीच्या काळात ते रविवारी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जात. काकूंना अजून ते आवडत नाही. बोलता बोलता मी, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून, हा प्रसंग सांगितला. काकांनी कागद मागितला. एकास एक म्हणजे दोनात एक संधी, शंभरात पन्नास. एकास तीन म्हणजे पंचवीस, एकास चार म्हणजे वीस, एकास नऊ म्हणजे दहा. बेरीज एकशे पाच. "वरचे पाच ही भाव देणाऱ्याची मजुरी," काका म्हणाले. "आता पन्नासवाला गेला. उरले पंचावन्न. पण पळणाऱ्यांपैकी कोणीतरी जिंकणारच, म्हणून त्या पंचावन्नाचे पुन्हा एकशे पाच करायचे. तुझा पंचवीसवाला जवळजवळ अठ्ठेचाळीसवर गेला. आणि ज्याने जुन्या भावाने लावले, त्याचे काय?"

त्याचे इंग्लंडात उत्तर ठरलेले आहे. टॅटरसॉल्सच्या चौथ्या नियमात तक्ताच दिला आहे. मागे घेतलेल्या घोड्यावर लावलेले पैसे परत मिळतात. दुसऱ्या घोड्यावर अगोदर लावून जिंकलेल्यांच्या नफ्यातून मात्र, गेलेल्या घोड्याच्या भावाप्रमाणे, रुपयामागे ठराविक पैसे कापतात. एकास एकचा घोडा गेला तर पंचेचाळीस पैसे, एकास तीनचा गेला तर पंचवीस. चौदापेक्षा मोठ्या भावाचा गेला तर काहीच नाही; त्याच्या जाण्याने कोणाचे फारसे बदलत नाही! मुद्दल कापत नाहीत, आणि नव्या भावाने लावणाऱ्यालाही कात्री नाही. मला सर्वांत विलक्षण वाटले ते हे की, कोणाला आधी कळले आणि कोणाला नंतर, हे हा नियम विचारतच नाही. चोर आणि साव दोघांच्याही नफ्याला तो सारखीच कात्री लावतो.

आमच्या टपरीवर असा नियम नव्हता. पाकिटामागे तक्ता मावत नाही.

पंधराशेवर पंचेचाळीस टक्के म्हणजे सहाशे पंचाहत्तर. ते घेऊन मी फेब्रुवारीत गेलो, तर टपरीवर ताडपत्री बांधलेली. चहावाला बायकोसह मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. एप्रिलमध्ये मोहफुलांच्या दिवसांत पुन्हा गेलो. तो होता. पैसे पुढे केले तेव्हा त्याला काही आठवेना. मी पैज, बैलाचा पाय, इंग्लंडचा नियम, सारे सांगितले. तो ऐकत राहिला. मग विचारले, "मामाले सांगितलंस का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने नोटा मोजल्या, डब्यात टाकल्या आणि माझ्यासाठी चहा ठेवला. हा अंक मामांच्या घरी जातो. आता त्यांना कळेल.