तपनीतलं रान

एप्रिलच्या मध्यावर परतवाड्याहून घटांग, सेमाडोहकडे निघालं की दोन्ही बाजूंचे डोंगर उघडे पडलेले दिसतात. सागाची पानं खाली आलेली, फांद्या करड्या, गवत पिवळं होऊन मोडलेलं. लांबून आलेली माणसं गाडीतूनच म्हणतात, 'जंगल वाळलं.' मला ते ऐकवत नाही. मेळघाटाचं हे रान तेव्हा जिवंतपणाची सगळ्यात अवघड कसोटी देत असतं, आणि ती पाहायला नेमकं तपनीतच यावं असं मला वाटतं.

चिखलदरा साधारण 21.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तीच रेघ पश्चिमेला नेली तर मक्केजवळून आणि पुढे सहाराच्या वाळूतून जाते. पूर्वेला नेली तर हनोईच्या ओल्या हिरवाईजवळ पोचते. सूर्य तिघांवर सारख्याच उंचीवरून तळपतो. तरी एकीकडे वाळू, एकीकडे भातखाचरं, आणि मधे आपला साग, धावडा, तिवस. फरक पावसाचा आहे. तो किती पडतो याइतकाच तो किती महिने येत नाही याचाही. विषुववृत्ताजवळ तो वर्षभर येत राहतो, म्हणून तिथलं झाड पानं टाकण्याच्या भानगडीत पडत नाही. दूर उत्तरेला सत्ता थंडीची. युरोपातला ओक हिवाळ्यात निष्पर्ण होतो, कारण जमीन गारठलेली आणि उजेड तोकडा. त्याच्याही वर, सैबेरियाकडे, सुईसारख्या पानांचे स्प्रूस बर्फ झेलत उभे असतात. आपल्याकडची पानगळ तहानेची. सागाच्या भल्यामोठ्या पानातून पाण्याची वाफ सतत उडत असते. आषाढात तेच पान झाडाचं वैभव असतं, फाल्गुनात ते परवडत नाही. वैरण सरत आली की वऱ्हाडातला शेतकरी जड मनानं गोठा कमी करतो. साग तशी पानं उतरवतो.

पण सगळी झाडं एकाच वेळी, एकाच रीतीनं वागत नाहीत, आणि मी रमतो ते इथेच. पळस पानं टाकून फुलांनी पेटतो. कोशिंबाला ऐन कोरड्या दिवसांत तांबडीलाल पालवी फुटते. पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब असतो, तरी खोल गेलेल्या मुळांच्या भरवशावर झाड नवी पानं उघडतं. मोहाची फुलं रात्री उमलून पहाटे गळतात आणि उजाडायच्या आत इथल्या कोरकू आदिवासींच्या बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. ज्याला आपण रानाचा उपासाचा काळ म्हणतो, त्यातच त्या घरांची एक सुगी असते.

शास्त्रानं या रानाला नावही दिलं आहे. एच. जी. चॅम्पियन यांनी 1936 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या जंगलांची प्रकारवार मांडणी केली. 1968 मध्ये एस. के. सेठ यांच्यासोबत ती नव्यानं झाली. तिच्यात मेळघाट 'दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी' या खणात बसतो. खण बरोबर आहे, पण त्याच्या आत किती हवामानं नांदतात! अकोल्याकडून, पूर्णा नदीकाठच्या काळ्या मातीतून निघालं तर वावरांच्या धुऱ्यावर बाभूळ, हिवर, बोर. अकोट ओलांडून नरनाळ्याच्या चढाला लागलं की खडकाळ उतारावर सालई आणि पांढऱ्या सालीचा कांडोळ. माती इतकी उथळ की पडलेला पाऊस थांबतच नाही. खोऱ्यात उतरलं की सिपना नदीच्या काठी अर्जुन आणि जांभूळ वैशाखातही हिरवे. आणि चिखलदऱ्याला पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट. निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टनं 1802 मध्ये दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो पर्वत चढताना ओळखलं होतं की डोंगर चढणं म्हणजे ध्रुवाकडे चालत जाण्यासारखं आहे. हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आमच्या गाविलगडच्या डोंगरांत मात्र वर चढल्यावर उत्तरेचा गारवा थोडका आणि सह्याद्रीची ओल जास्त भेटते. म्हणून तर चिखलदऱ्याला कॉफी रुजली.

हे रान हिरवं कमी म्हणून उणं मानू नये, ही माझी कळकळ आहे. 1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पानं पहिल्या नऊ जागांत मेळघाट घेतला, तो याच उघड्या फांद्यांसकट.

सागाचं बी पाहिलं की कोरडेपणा म्हणजे उणेपण नव्हे, हे मला अधिकच पटतं. कठीण कवचाचं ते फळ नुसतं ओलं ठेवून सहसा लवकर रुजत नाही. रोपवाटिकेत ते रात्री भिजत घालतात, दिवसा उन्हात पसरून वाळवतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा वाळवतात. असं बरेच दिवस चालतं, तेव्हा कुठे कवच सैल होतं आणि कोंब बाहेर येतो.