गोधडीला नवं कापड कशाला?

चि. राणी,


पत्र पोचलं. गोधडी शिवायची एवढी हौस, आणि दुकानात सुती कापडाचा भाव ऐकून तू हात हलवत परत आलीस, हे वाचून राहवलं नाही. अगं, गोधडीला नवं कापड लागतच नाही. नव्या कापडात खळ असते, ते ताठ राहतं, चार थरांतून सुई ओढताना बोटं सोलवटतात. वर्षानुवर्षं धुतलेली साडी सुईला लगेच वाट देते. तिचा मऊपणा कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

आजीची नऊवारी आहे ना तुझ्याकडे? ती साधारण सव्वाआठ मीटर भरते. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे कर. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडलेस की गोधडीची एक बाजू झाली, उरलेल्या दोनांची दुसरी. आत जुनं धोतर, विरलेल्या चादरी, काहीही चालेल. फक्त सुती हवं. टेरिकॉट घालू नकोस, ते आतल्या आत सरकतं. तुकडे करण्याआधी साडी उजेडासमोर धरून बघ. बसण्याच्या जागी ती हमखास विरलेली असते. ठिगळ तिथेच पडणार, म्हणजे तुझी नक्षी कुठून सुरू करायची ते साडीनेच ठरवलंय.

जुन्या कपड्यांची गोधडी म्हणजे गरिबी, असं तुझ्याकडे कुणी म्हणालं तर त्यांना जीज बेंडबद्दल सांग. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ही कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांचीच गोधडी शिवली. या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. त्यांचे फोटो मी कितीदा पाहते! विजारीचा खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद निळा चौकोन, भोवती उन्हाने उडालेला रंग. असा निळा रंग कुठला रंगारी देईल?

पैसे खर्च करायचे ते दोऱ्यावर. तिथे हात आखडू नकोस. कच्चा दोरा पहिल्या धुण्यातच तुटतो. दोऱ्याला मेण ओढून घे, गुंता होत नाही. थर फरशीवर अंथर, कोपऱ्यांवर वजनं ठेव आणि आधी सगळीकडे लांब कच्चे टाके घाल. मग कडेने धावदोरा, बोटभर आत दुसरी ओळ, अशी चौकोनी फिरत मध्यापर्यंत ये. प्रत्येक फेरीला तळव्याने कापड सारखं करत जा, नाहीतर मध्ये फुगा येतो.

आणि एक. ‘तेवढीच पैशांची बचत’ असं घरात सांगत बसू नकोस. बचत होईल ती होईल. दुपारी तासभर तू सुई घेऊन बसतेस ते तुला आवडतं म्हणून, एवढं कारण पुरे आहे. महिनाअखेरीला हात आखडलेला असतानाही हा तास तुझाच राहतो, कारण त्याला एक पैसाही पडत नाही.

माझ्याही दोन सुती साड्या तुझ्यासाठी बाजूला काढल्यात. हिरवीचा रंग पक्का आहे, मी भिजवून पाहिला. लालचा मात्र जातो. ती आधी दोन-तीनदा वेगळी धुऊन घे, मगच हिरवीशेजारी लाव.

तुझी,
मावशी