हंगामाआधीची माती

मराठीत 'तालीम' हा शब्द दोन घरी नांदतो. एक घर नाटकाचे, दुसरे कुस्तीचे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. रंगभूमीने तो क्रियेसाठी घेतला : नाटकाची तालीम चालते, लांबते, रद्द होते. मल्लविद्येने तोच शब्द जागेलाही दिला : पोरगा तालमीत असतो, तालमीत निजतो, तालमीतच जेवतो. संगीत नाटकांच्या कंपन्यांतून तालीममास्तर असत. कुस्तीच्या तालमीत वस्ताद असतो, आणि तोही 'उस्ताद'चाच मराठी अवतार. 'मेहनत' अरबी, 'जोर' फारसी, 'बैठक' मात्र आपली, आणि तीही पुन्हा दोन घरची : एक गाण्याची, एक मांड्यांची. तयारीच्या कल्पनेभोवती एवढी शब्दसंपत्ती ज्या भाषेत गोळा झाली आहे, त्या भाषेच्या समीक्षेत तयारीविषयी इतके थोडे का लिहिले जाते, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळत होता. आम्ही वर्गात शिकवतो ती पूर्ण झालेली कविता. तिच्या खोडलेल्या ओळी विद्यार्थ्यांपुढे क्वचितच येतात, आणि आल्याच तर तळटीप म्हणून.

यंदा श्रावणापासून अश्विनापर्यंत आमचा मुक्काम काष्टीस होता. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर), श्रीगोंदे तालुक्यात, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे गाव. भीमा ओलांडली की दौंड, म्हणजे पुणे जिल्हा. उसाचा मुलूख. साहित्याच्या अभ्यासकाला श्रीगोंदे आठवते ते शेख महंमदांमुळे. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या या संतकवीने साधनेला संग्राम म्हटले, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. पंचक्रोशीला काष्टी आठवते ती मात्र शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे.

या बाजारात पहिल्यांदा गेलेला माणूस शिंगांचे रंग आणि गळ्यातले गोंडे पाहतो. गिऱ्हाईक ते पाहत नाही. तो आधी दात पाहतो : दोनदाती, चारदाती, की जुळलेला. मग बैल चालवून पाहतो. जाताना एकदा, येताना एकदा, आणि वळताना विशेष काळजीने, कारण लपवलेले लंगडेपण वळणावर उघडे पडते. मालक बोलत असतो, दलाल बोलत असतो. गिऱ्हाईक गप्प राहून खुरांकडे पाहत असतो. पाहण्याची ही रीत आम्ही शनिवारी शिकलो आणि आठवडाभर तालमीत वापरली, असे म्हटले तरी चालेल.

तालीम गावाबाहेर, पत्र्याच्या छपराखालची. पावसाळ्यात जत्रा नसतात. दिवाळीनंतर मैदाने सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात त्यांना भर येतो. तेव्हा श्रावण-भाद्रपद हे मल्लाचे अज्ञातवासाचे महिने. हलगी नाही, फेटा नाही, इनामाचा पुकारा नाही. पहाटे साडेचारला पोरे फावडी घेऊन हौद्यात उतरतात आणि माती खणतात. तांबडी माती, तिच्यात हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर. खणणे हाच दिवसाचा पहिला व्यायाम. मग लढती; संध्याकाळी जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणे. शेजारच्या खोलीत गादी अंथरलेली आहे, कारण आता पोलीस आणि सैन्यातल्या भरतीची वाट गादीवरून जाते आणि महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्तीही गादीवरच होते. माती विभागाचा विजेता गादीवर येऊन झुंजतो. या व्यवस्थेविषयी वस्तादांचे मत छापण्याजोगे नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिले चार-पाच दिवस आम्ही कंटाळलो. एक पोरगा समोरच्याचा पट काढतो. सोडतो. पुन्हा काढतो. चाळीसदा. दुसरा ढाक लावण्यासाठी नुसता पाय फिरवतो, समोर कोणी नसताना. कुस्ती पाहायला आलेल्याला यात कुस्ती सापडत नाही. रोलाँ बार्थच्या १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकातला कुस्तीवरचा निबंध आमच्या वाचकांना परिचित असेल. फ्रान्समधल्या तमाशेवजा कुस्तीत प्रत्येक क्षण तत्काळ कळेल असा असतो, वेदना, पराभव, न्याय सारे प्रेक्षकांपुढे वाचनीय चिन्हे होऊन उभे राहतात, असा त्याचा आशय. तालमीतले पाहणे याच्या नेमके उलटे आहे. येथे कोणी कोणाला काही दाखवत नाही. चाळिसाव्या पटात आणि एकेचाळिसाव्या पटात जो फरक पडला तो करणाऱ्यालाही ठाऊक नसतो; तो वस्तादांना ठाऊक असतो, आणि ते सांगत नाहीत. बार्थची चिन्हमीमांसा येथे निरुपयोगी ठरते असे नव्हे. परंतु चिन्ह होण्याआधीचे शरीर कसे वाचावे, हा प्रश्न तो आपल्यासाठी शिल्लक ठेवतो.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. विनोद म्हणजे राजाची करमणूक. पण ग्रंथकार लढतीपाशी थांबत नाही. मल्लांचा आहार सांगतो, त्यांच्या श्रमांना नावे देतो : वजनाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबाशी करायचा स्तंभश्रम. घामाचेही वर्गीकरण व्हावे असे एका राजाला वाटले, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. आमच्या अभ्यासक्रमांत छंद आणि अलंकार यांचे वर्गीकरण आहे, कवीच्या श्रमांचे नाही.

ऑस्ट्रेलियात जो लंबवर्तुळाकार मैदानावरचा अठरा-अठरा गड्यांचा फुटबॉल खेळतात, त्याची गंमत येथे सांगितली पाहिजे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका पत्रात पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग जड होऊ नये म्हणून फुटबॉलचा एखादा संघ काढावा. १८५९ मध्ये त्याचे नियम लिहिले गेले. म्हणजे एका खेळाच्या बिनहंगामातला सराव हा दुसरा खेळ होऊन बसला, आणि आज त्या दुसऱ्या खेळाचे व्यावसायिक संघ मार्चमधल्या सामन्यांसाठी नोव्हेंबरपासून घाम गाळू लागतात व लोक तेही पाहायला कुंपणापाशी उभे राहतात. त्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत असेल, याची कल्पना आता आम्ही करू शकतो. त्याला निकाल दिसत नाही. कोण कोठे दमतो, ते दिसते.

हे वाक्य वस्तादांचे. "जिकतंय कुठं ते जत्रंत समदेच बघत्यात. दमतंय कुठं ते बघायला मी हाय." ते हौद्याच्या कडेला पाय सोडून बसतात, आणि बहुतेक वेळ पोरांच्या तोंडाकडे पाहतच नाहीत.

महाराष्ट्र केसरीची परंपरा १९६१ पासूनची. या जिल्ह्याने २०२५ साली तिचे दोन सोहळे पाहिले. फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगरात पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा मिळवली, आणि मार्चअखेर, कुस्तीच्या संघटनाच दोन असल्यामुळे, शेजारच्या कर्जतला दुसऱ्या स्पर्धेची गदा वेताळ शेळके यांनी. याच वर्षी महिलांची गदा श्रीगोंदे तालुक्याच्या भाग्यश्री फंड यांच्याकडे आली. २०२३ मध्ये सांगलीला महिलांसाठी ही स्पर्धा प्रथम झाली, तेव्हापासून आमच्या तालमीतही दोन मुली गादीवर येतात. अहिल्यानगरच्या निर्णयांवरून वाद झाले, पंचांवरून झाले, वृत्तपत्रांनी ते आठवडाभर पुरवले. तालमीत या वादाची चर्चा जेमतेम दोन संध्याकाळी टिकली असे आम्हांस सांगण्यात आले. आजची स्पर्धेतली लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. सहा मिनिटांवर महाराष्ट्र बोलतो. बाकीच्या वर्षावर कोण बोलणार?

आता त्या मुलाविषयी. त्याचे नाव देत नाही. वय एकोणीस. दीड वर्षापूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले, पुण्यात शस्त्रक्रिया झाली, आणि त्यासाठी वडिलांनी खिल्लारी जोडीतला एक बैल काष्टीच्या बाजारात विकला. जोडीतला एकच बैल विकणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी एवढेच, की मागे उरलेला बैल औताच्या कामाचा राहत नाही. पुढे तोही गेला. कुस्तीच्या इतिहासात अशी विक्री आणि अशी गहाणखते जागोजाग आहेत. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकीगत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. घर गहाण पडले ते पदकासाठी, असे आपण आज म्हणतो, कारण पदक मिळाले. ज्या दिवशी कागदावर सही झाली त्या दिवशी ते केवळ सरावासाठी गहाण पडले होते. या मुलाच्या बाबतीत आम्ही त्या सहीच्या दिवसात उभे होतो.

शस्त्रक्रियेनंतर तो परतला तेव्हा वस्तादांनी त्याला तीन महिने हौद्यात उतरू दिले नाही. जोर मारायचे, दोरावर चढायचे, पोरांच्या थंडाईचे बदाम वाटायचे. भाद्रपदात त्याला जोडी मिळाली : त्याचाच सोबती, एका ताटात जेवणारा, खोलीत शेजारी निजणारा. दोघांच्या लढती आम्ही रोज पाहत होतो, आणि बरी चालली आहे असे वाटत होते. तो उजवीकडून पट काढी, घिस्सा लावी, सोबती पडे. हळूहळू लक्षात आले, की तो फक्त उजवीकडूनच शिरतो. डावा पाय मातीत रोवला जात नाही, नुसता टेकतो. आणि सोबती त्या पायाकडे जातच नाही. दोन हातांवर उघडा असलेला पाय त्याला दिसत नव्हता असे नाही. तो पाय न दिसण्याचा सराव त्यानेही चालवला होता.

एका पहाटे वस्ताद बोलले. रागावून नव्हे, नेहमीच्याच आवाजात. "डाव्या पायाला हात घाल त्याच्या."

सोबती थांबला.

"घाल. मैदानात कुणी ओवाळनार न्हाई त्याला."

सगळा हौदा थांबला होता. सोबत्याने खडाखडी केली, पुन्हा केली, आणि मग अर्ध्या मनाने त्या पायाकडे हात नेला. "आरं, देवाच्या पाया पडतुयास का?" वस्ताद म्हणाले. कोणी हसले नाही. पुढच्या खेपेला त्याने पाय खरोखर धरला, उचलला आणि मुलगा पाठीवर पडला. तो लगेच उठला नाही. छपरावर पाऊस वाजत होता. हात गुडघ्याकडे गेला, मग तेथून काढून मातीवर ठेवला, आणि मग तो उठला. सोबती त्याच्याकडे पाहत नव्हता. "फिरून," वस्ताद म्हणाले. त्या सकाळी तो अकरा वेळा पडला. आम्ही मोजले, कारण दुसरे काही करणे शक्य नव्हते.

हे क्रौर्य होते की काय, याविषयी आमचे मन अद्याप एका बाजूला झुकलेले नाही. वैद्यकीय सल्ला कोणी विचारला होता का, हे आम्ही विचारले. फिरून दाखवायला पुण्याला जाऊन आलेला आहे, मोकळीक मिळालेली आहे, असे उत्तर मिळाले. तरीही ती सकाळ पाहणे सुखाचे नव्हते. पण सोबत्याची माया त्या मुलाला कोठे नेत होती, हेही स्पष्ट होते : दिवाळीनंतरच्या पहिल्या मैदानात, हलगीच्या कडकडाटात, कोणी अनोळखी पैलवान अर्ध्या मिनिटात तो पाय ओळखणार होता. आपल्या वाङ्मयीन मंडळांतून मित्राच्या हस्तलिखितावर आपण जे बोलतो, त्यात त्या सोबत्याचा हात किती आणि वस्तादांचा डोळा किती, असा एक कडवट विचार मनात येऊन गेला. असो.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मुलगा डाव्या पायावर उभा राहू लागला, असे लिहायला आम्हांस आवडले असते. घडले ते इतके सरळ नव्हते. काही दिवस तो पाय रोवला जाई. मग एखाद्या दिवशी पुन्हा नुसता टेके. एकदा त्याने डावीकडून एकचाक लावून सोबत्याला खाली आणले आणि दोघेही दचकले. दुसऱ्या दिवशी सूज होती. घटस्थापनेच्या सुमारास एका गावच्या जत्रा कमिटीची माणसे यादी घेऊन आली. वस्तादांनी पाच नावे दिली, त्यांत त्याचे नव्हते. सहाव्या ओळीपाशी थांबून त्यांनी विचारले, "रेवड्यांवरच्या कुस्त्या किती हाइत?" त्या कुस्त्या लहान पोरांच्या असतात. माणसे हसली. वस्ताद हसले नाहीत, आणि सहावी ओळ तशीच राहिली.

आमच्या मुक्कामातल्या शेवटच्या शनिवारी मुलाचे वडील बाजाराला आले होते. दुधाची किटली घेऊन तालमीत आले, कडेला उकिडवे बसले. लढत चालू असताना ते छपराच्या पत्र्यांकडे, फावड्यांकडे, आमच्याकडे, सगळीकडे पाहत होते, हौद्याकडे नाही. लढत संपली. मुलगा बाहेर आला, अंगाची माती निपटत नळाकडे निघाला, आणि नळ इमारतीच्या कोपऱ्याला असल्यामुळे तेथे वळला. तेव्हा मात्र त्यांनी नीट पाहिले.

"कसं वाटतंय?" त्यांनी वस्तादांना विचारले.

"दिवाळी होऊ द्या."

"बरं," ते म्हणाले, आणि किटली रिकामी करून परत द्या, गाडीची वेळ झाली, असे पोरांना सांगू लागले.